पुढे वर्ग नाही

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी फुशारकीने सांगत नाही, कारण याच अक्षराने मी एका मुलीच्या शिक्षणाची जवळजवळ वाट लावली होती.

नोकरीच मुळी अक्षरावर मिळाली. रत्नागिरीहून एसटीने तासाभरावर, सड्यावर, आमचं पाच खोल्यांचं कॉलेज आहे. सडा म्हणजे नुसता जांभा दगड, वर आभाळ, आणि लांब खाली समुद्राची एक पट्टी. एका संस्थेने ते आदिवासी वाड्यांवरच्या मुलांसाठी काढलं. बारावीनंतर दोन वर्षांचा डिप्लोमा. जंगल, शेती, गावचा कारभार असं काय काय शिकवायचं, आणि दोन वर्षं झाली की मुलांना निरोप द्यायचा. मी तिथली क्लार्क. शिकवत काहीच नाही, तरी मुलं मला बाई म्हणतात, आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

माझं माहेर मिऱ्याचं. बाबा मच्छीमार बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या शब्दावर चालायची. तारे बघून वाट काढणारा माणूस, पण सहीची वेळ आली की अंगठा. सोसायटीच्या ऑफिसातून बाहेर पडले की पुळणीवर बसून ओल्या वाळूने तो अंगठा खसाखसा घासायचे. शाई गेली तरी घासायचे. मी शेजारी बसून वाळूत माझं नाव लिहायची, आणि ते म्हणायचे, "लिही गो बाय, मोठं लिही." तेव्हापासून मला सुंदर लिहायचा नाद लागला. कॉलेजमधला एकेक दाखला मी असा लिहायची की बघणाऱ्याला वाटावं छापलाय.

आता त्या एप्रिलातल्या दुपारचं सांगते. सड्यावर त्या दिवसांत एक विचित्र गुंगी असते. वीज गेलेली, पंखा थांबलेला, दार सताड उघडं. तापलेल्या दगडाचा आणि पिकल्या काजूबोंडांचा वास आत येत राहतो. सगळं कॉलेज जेवून सुस्तावलेलं असतं, आणि मी एकटी टेबलाशी दाखल्यांचं पुस्तक उघडून बसलेली. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, वर्तणूक. वर्तणूक चांगली, चांगली, चांगली. त्याच्या खाली एक रकाना असतो, कॉलेज सोडण्याचे कारण. तिथे मी वर्षानुवर्षं तीनच शब्द लिहीत आले. पुढे वर्ग नाही.

खोटं नव्हतंच ते. दोन वर्षांनंतर आमच्याकडे वर्ग नव्हता. पुढे शिकायचं तर रत्नागिरीत खोली घ्या, खानावळ लावा, अनोळखी पोरांत मान खाली घालून बसा. दर वर्षी एखाददुसरा जायचा आणि गणपतीपर्यंत परत यायचा. बाकीचे चिरेखाणीवर, नाहीतर कोळशाच्या भट्टीवर. माझा हात आपोआप चालायचा. हात इथे आणि मी मिऱ्याच्या पुळणीवर, पाण्यात पाय सोडून, असं कितीदा झालंय. कधीकधी पाच दाखले लिहून व्हायचे आणि मला एकही आठवायचा नाही.

ती मुलगी आमच्याकडे आली तेव्हा फारसं बोलायची नाही. वेळणेश्वरच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली. वडील नव्हते, आई नारळी-सुपारीच्या बागांतून कामाला जायची. मुलगी होस्टेलवर राहायची आणि संध्याकाळी माझ्या खिडकीखालच्या पायरीवर बसून वाचायची. बाकीच्यांकडे मोबाइल होते, हिच्याकडे नाही. मी बस गाठायला निघाले की पुस्तकातून मान वर करून म्हणायची, "बाई, गेलात?" मी म्हणायची, "नाही, अजून इथेच आहे," आणि दोघी हसायचो. एवढीच आमची ओळख.

ती दुसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठाची समिती आली. कॉलेजला दोनाची चार वर्षं करून पदवी द्यायला परवानगी द्यावी की नाही, ते बघायला. प्राचार्यांनी आठवडाभर सगळ्यांचा जीव खाल्ला होता. पडदे धुवा, फळा काळा करा. समितीतले एक साहेब मुलांना म्हणाले, "तुम्हाला काही सांगायचंय?" सगळी पोरं पुतळे झाली. आणि मागून ही उठली.

"सर, दोन वर्षं झाली की आम्हाला उठवतात. आत्ता कुठे बसायला शिकलेलो असतो. मग आम्ही कुठे जाऊन बसायचं?"

प्राचार्यांचा चेहरा पडला. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की चहा द्यायचाच विसरले. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. जाताना प्राचार्य तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बोलायची काय घाई होती?" रागाने नव्हे, घाबरून. पण तिने ते ऐकलं.

परवानगी आली मार्चात. प्राचार्य स्वतः खुर्चीवर चढून नोटीस लावायला गेले आणि खुर्चीचा पाय मोडून बसले. खुर्चीचा, त्यांचा नाही. नोटिशीत लिहिलं होतं की यंदाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना इथेच तिसऱ्या वर्षाला बसता येईल, मग चौथ्या. ती मुलगी नोटिशीसमोर उभी राहून प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत वाचत होती. संध्याकाळी पायरीवर पुस्तक मिटून नुसती समुद्राच्या पट्टीकडे बघत बसलेली. मी म्हटलं, "काय गो, वाचायचं नाही आज?" म्हणाली, "बाई, आता दोन वर्षं आहेत की. वाचीन सावकाश."

आणि मग आम्ही जे केलं ते आमच्यासारखीच माणसं करू जाणेत. एप्रिल आला आणि आम्ही निरोप समारंभ केला. कोणी जाणारच नव्हतं, तरी केला! दर वर्षी होतो म्हणून केला. वडे-उसळीची ऑर्डर गेली, नारळ आले, पोरींनी रांगोळी काढली. आणि दर वर्षी निरोपाला नारळाबरोबर दाखला देतात, म्हणून मी टेबलाशी बसले, पुस्तक उघडलं, आणि काजूबोंडांच्या वासात, अर्धवट झोपेत, अकरा दाखले लिहिले. अकराही जणांच्या कारणाच्या रकान्यात माझ्या सुंदर अक्षरात तेच. पुढे वर्ग नाही. प्राचार्यांनी फोनवर बोलता बोलता सह्या केल्या. माझं अक्षर दिसलं की ते खालचं वाचत नसत. वरून मी गोल शिक्का मारला, दाबून.

त्या मुलीने नारळ काखेत धरून दाखला दोन्ही हातांनी घेतला. तिथेच उभी राहून वाचला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मी काय करावं? मी हसले. तिला वाटलं असेल, बाई जाणूनबुजून हसतायत. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सुट्टी लागली. मे संपता संपता पोरांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये प्रश्न सुरू झाले, सर, आम्हाला दाखले दिलेत, मग प्रवेश कसा? प्राचार्यांनी मला घरी फोन केला. मी पापलेट साफ करत होते.

"बाई, हे काय करून बसलात?"

"मी? सही कोणाची आहे त्यावर?"

मग ते हळूच म्हणाले, "वाचलं नाही हो मी." मी म्हटलं, "मी तरी कुठे वाचलं, मी नुसतं लिहिलं."

दहा जण दाखले परत घेऊन आले, हसत-खिदळत, माझी टर उडवत. ती मुलगी मात्र आली नाही. पत्र टाकलं, उत्तर नाही. तिच्या वाडीच्या खालच्या दुकानात निरोप ठेवला, तर दुकानदार म्हणाला, ती नाही येणार म्हणते. शनिवारी प्रवेशाची शेवटची तारीख. त्यानंतर विद्यापीठाचं संगणकावरचं पान बंद होतं आणि मग देवही काही करू शकत नाही. एक वर्ष गेलं की ती पोर परत येत नाही, हे मी पुरतं बघितलंय. गुरुवारी सकाळी मी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि निघाले.

जयगडला फेरीबोटीत चढले आणि मला पुन्हा तीच गुंगी आली. खाडीचं पाणी गढूळ, जड, आभाळ खाली आलेलं. बोट सुटली की किनारा आपल्यापासून सावकाश दूर जातो, आणि वाटतं आपण हललोच नाही. कठड्याला टेकून मी डोळे मिटले. त्या पाण्यावर मला सगळे दाखले दिसायला लागले, इतक्या वर्षांचे, पांढरे, एकामागे एक तरंगत चाललेले. प्रत्येकावर माझं अक्षर. कोण कोण होती ती मुलं? चेहरे येत होते आणि नावं येत नव्हती. एक उंच मुलगा, बासरी वाजवणारा. एक मुलगी, तिला जंगलातल्या प्रत्येक झाडाचं नाव यायचं. पुढे वर्ग नाही, पुढे वर्ग नाही. कोणी इतकी वर्षं विचारलंच नाही की का नाही. मीसुद्धा नाही. तवसाळचा धक्का लागला तेव्हा खलाशी माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, "ताई, उतरायचं ना?"

तिथून मिळेल त्या गाडीने वेळणेश्वरला पोचले. देवळाच्या पलीकडे बागांमधून पायवाट वर जाते. विचारत विचारत गेले. एका नारळीच्या बागेच्या टोकाला पावसाआधीची लगबग चालली होती. लाकडं रचून ठेवलेली, आणि ती झाकायला नारळाच्या झावळ्यांची झापं विणायचं काम. ती मुलगी खाली बसून झाप विणत होती. बोटं भराभरा चाललेली, नजर कुठेतरी भलतीकडे. अगदी माझ्यासारखी, दाखले लिहिताना.

"बाई," ती उठली. "बसा." एवढंच. तिने झाडून जागा करून दिली, पाणी आणलं, पण पायरीवरची ती मुलगी कुठे दिसेना. तिची आई चुलीपाशी होती, ती जवळ येऊन उभी राहिली. काटक बाई, डोळे माझ्यावर रोखलेले.

मी घडाघडा सांगितलं. चूक झाली, सवयीने लिहिलं, सगळ्यांना तेच लिहिलं, बाकीचे परत आले, शनिवारी शेवटचा दिवस आहे, चल. मुलगी आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून दाखला घेऊन आली. रेशनकार्ड आणि जातीचा दाखला ठेवतात, त्याच पिशवीत तो होता.

"नोटीस सगळ्यांना असते बाई. हा माझ्या नावाचा आहे," ती म्हणाली. मग आवाज बारीक झाला. "मी त्या साहेबांपुढे बोलले, म्हणून मला काढलंत ना?"

काय सांगू मी त्या वेळचं. मला रडूच फुटलं, परक्याच्या बागेत, चुलीच्या धुरात, पन्नाशी उलटलेली बाई मी. दीड महिना ही पोर तेवढंच मनात घेऊन झापं विणत होती. जिच्या एका प्रश्नाने आम्हाला चार वर्षं मिळाली असतील, तिला वाटत होतं त्याच प्रश्नाची आपल्याला शिक्षा झाली. मी म्हटलं, "नाही गो. तू बोललीस म्हणून वर्ग आला. तुझ्यासाठीच आलाय तो वर्ग. मी झोपेत लिहिलं, मेली मी!" माझं रडणं बघून ती गोंधळली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

आई मात्र हलली नाही. "हा कागद तुमीच लिवला?"

"हो."

"मंग तोंडानं सांगून काय व्हतंय? आमाला बी एका साहेबानं तोंडानं सांगितलं व्हतं, ऱ्हावा हितंच, कोन काय बोलायचा न्हाय. वरसानं शिक्क्याचा कागद आला आन् खोपटी उठवली. ह्येच्यावर शिक्का हाय. पोरगी तितं यायची, आन् तुमी परत ह्यो कागद दाखवायचा."

बरोबर होतं तिचं. शिक्का मारलेल्या कागदाने या लोकांचं कधी भलं झालेलं तिने बघितलं नव्हतं. आणि माझा शिक्का? ऑफिसच्या कपाटात. कपाटाची किल्ली तेवढी माझ्या पर्समध्ये, खाडीच्या या बाजूला! मी लाल पेन काढलं. दाखल्यावर आडवं लिहिलं, हा दाखला चुकून दिला आहे, रद्द. पुढे वर्ग आहे. खाली सही केली, नेहमीची, झोकदार. मुलीने आईला वाचून दाखवलं.

आईने कागद हातात घेऊन माझ्या सहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सही कुनालाबी येती. आंगठा लावा."

मुलगी शरमली. "आये, काय बोलतेस!" पण आई ठाम. ती चुलीकडे गेली, टोपाच्या बुडाची काजळी बोटावर खरवडून घेतली, त्यात खोबरेल तेलाचा थेंब घालून नारळाच्या करवंटीत माझ्यासमोर धरली. शाई तयार.

मला बाबा आठवले. ओल्या वाळूवर बसून अंगठा घासणारे. त्यांच्या मुलीला अंगठा लावावा लागू नये म्हणून तर हे सगळं अक्षर होतं, आणि इथे एक बाई मला सांगत होती की तुझं अक्षर मला पुरत नाही. क्षणभर राग आला, खरंच आला. मग तिच्या हाताकडे बघितलं, करवंटी धरलेल्या. तिचंही बोट काजळीने काळं झालं होतं, बाबांच्या अंगठ्यासारखं. मी काजळीत अंगठा बुडवला आणि माझ्या सहीशेजारी दाबला. आईने फुंकर घालून तो वाळवला, कागद नीट घडी करून लेकीच्या हातात दिला आणि पहिल्यांदा माझ्याशी हसली. "च्या घ्या आता," म्हणाली.

परतीच्या फेरीबोटीत आम्ही दोघी होतो. ती कठड्याशी उभी राहून पाणी बघत होती. मी मांडीवर हात उलटा ठेवून बसले होते. अंगठा काळा, रेषा न् रेषा दिसत होती. मी तो पुसला नाही.

शनिवारी प्रवेश झाला. प्राचार्यांनी रद्द केलेला दाखला फाइलला लावताना चष्मा वर केला. "हा कोणाचा अंगठा?" "माझा," मी म्हटलं. त्यांनी कागद उजेडात धरून तो काळा ठसा बघितला. मग म्हणाले, "झेरॉक्सवर नीट उमटेल ना?"

यंदाच्या एप्रिलात तिची चार वर्षं पूर्ण झाली. पुन्हा त्याच दुपारी, तोच तापलेल्या दगडाचा वास. पण मी दोन कप कडक चहा घेऊन, खिडकीशी उभी राहून, एकेक दाखला लिहिला आणि प्रत्येकाचा चेहरा आठवूनच पुढचा घेतला. तिचा शेवटी ठेवला होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं, पदवी पूर्ण. प्राचार्यांनी ओठ हलवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि मगच सही केली. हल्ली ते सगळंच वाचतात, चहाचं बिलसुद्धा.

समारंभाला तिची आई आली होती. पहिल्यांदाच सड्यावर आली, आणि ऑफिसच्या दारातच चौकटीला धरून उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. मी शिक्का मारला, दाखला मुलीच्या हातात दिला. तिने उभ्याने वाचला, सावकाश, प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत. वाचून झाल्यावर तिने तो परत माझ्या टेबलावर ठेवला आणि शाईचं पॅड माझ्यासमोर सरकवलं.

"बाई," ती म्हणाली, आणि दाराकडे बघून हसली. "आई म्हणते, अंगठा राहिला."

मी हात पुढे केला.